रकाना सहा

वरची खोली दिली होती एका रात्रीपुरती.
आज अकरावा दिवस.
योरीस आणि मार्ते, आणि त्यांच्या दोन पाठपिशव्या,
एकेक गॅसच्या सिलिंडरएवढी,
पहिल्या दिवसापासून जिन्यात उभ्या.
मी येता-जाता त्यांना वळसा घालते.

ती दोघं काही बघत नाहीत.
घारापुरीला जा म्हटलं, मान हलवली.
पारसिकच्या टेकडीवर पहाटे चढून या म्हटलं.
"पहाटे?" म्हणाली मार्ते, आणि इतकी हसली
की घरतांचा कुत्रा उठून बसला.
दिवसभर चौकातल्या बदामाखाली,
प्लास्टिकच्या टबात पाय,
मीठ लावून पेरू,
आणि दोघांत एक पुस्तक:
वाचून झालेलं पान ती फाडते, त्याच्याकडे देते.
माझ्या पोटात कालवलं.
सव्वीस वर्षं लेखा विभागात आहे मी.
आमच्याकडे पान फाटलं की चौकशी लागते.

घरतकाकू विचारतात, मग हे आलेत कशाला?
मलाही कळेना. कपडे वाळत घालताना विचारलं.
योरीस म्हणाला, याआधी आम्ही व्हिएन्तिएनला होतो,
लाओसची राजधानी. आठ दिवसांसाठी गेलो,
पाच आठवडे राहिलो.
काय आहे तिथे?
बराच वेळ विचार केला त्यानं,
हातात माझी चिमट्यांची टोपली.
"नदी आहे. संध्याकाळी लोक नदीकडे तोंड करून बसतात.
पलीकडे दुसरा देश दिसतो.
कुणी जाऊ या म्हणत नाही."
मग आठवेल तसं: पावात कोथिंबीर. बियरमध्ये बर्फ.
कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपतात,
गाड्या कडेनं जातात.
नऊ वाजले की शहर दिवे मालवतं,
राजधानी असून.

"बेलापूर तसंच आहे," मार्ते म्हणाली.
मी हसले. मग अर्ध्यात थांबले.
साडेसहाला कोकण भवन रिकामं होतं,
झेरॉक्सवाला उरलेले कागद मोजतो,
वडेवाला कढईवर झाकण ठेवतो,
आणि सातनंतर त्या रुंद रस्त्यांवर
नुसता वारा हिंडतो,
बदलीच्या आदेशाची वाट पाहणाऱ्या अधिकाऱ्यासारखा.
रोज यातूनच चालत घरी आले मी,
दूध, कुकर, इस्त्रीचे कपडे
असं काहीतरी मनात घोकत.

काल मला त्यांनी दिवाळ्याच्या धक्क्यावर नेलं.
माझ्याच गावात, मला.
ओहोटी होती. चिखलाला जवळ्याचा वास.
तांडेल नावाचे म्हातारे जाळं शिवत होते.
मान वर न करता म्हणाले, कुणाची वाट बघताय?
नाही, कुणाची नाही.
"मंग?"
मग काही नाही. तिघं बसलो खाडीकडे तोंड करून.
पलीकडे उलव्याच्या इमारतींत
एकेक खिडकी पेटत गेली.
कुणी जाऊ या म्हणालं नाही.
पाऊण तास. खोटं कशाला बोलू,
चार वेळा घड्याळ पाहिलं मी.

आज रजेचा अर्ज घेतला.
अर्जित रजा शिल्लक: दोनशे चौसष्ट दिवस.
रकाना सहा, रजेचे कारण.
आजवरची कारणं पाठ आहेत मला:
आईचं आजारपण. आईचे दिवस.
मोतीबिंदू. आणि एकदा फुटलेला नळ,
तोही अर्धाच दिवस.
'खाडी' असं लिहिलं. खोडलं.
'घरगुती' लिहितात सगळे, ते हातून उतरेना.
कोराच ठेवून दिला.
तासाभरात आस्थापनेच्या लोखंडेंनी परत पाठवला,
रकान्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ
आणि आत एक लहानसं प्रश्नचिन्ह,
तेही सभ्य, दबकत काढलेलं.

घरी आले. पिशव्या जिन्यात तशाच.
आज वळसा घातला नाही.
एकीवर बसून पाहिलं. मऊ आहे.
इथून सगळा चौक दिसतो, हे माहीतच नव्हतं,
बदाम, टब, टबातलं गढूळ पाणी,
फाडलेल्या पानाची होडी करत बसलेली कुणाची तरी पोर.
अर्ज मांडीवर, घडी न घालता.

कुत्रा चौकाच्या मधोमध झोपला होता.
घरतांचा मुलगा स्कूटर घेऊन आला.
हॉर्न वाजवलाच त्यानं, दोनदा.
कुत्रा उठला नाही.